वल्हांडणाची सफाई: दिमोनातल्या एका घराचं प्रकरण

२०२५ साली वल्हांडणाची, म्हणजे पेसाखची, पहिली रात्र १२ एप्रिलला, शनिवारी आली. यहुदी घर चालवणाऱ्या बाईला एवढं सांगितलं तरी घाम फुटतो. बाकीच्यांसाठी थोडं उलगडून सांगते. एरवी घरातलं खमीर, म्हणजे या सणात घरात ठेवायचे नसतात ते आंबलेल्या पिठाचे पदार्थ, आदल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात शोधायचं, सकाळी जाळायचं आणि त्याच संध्याकाळी सेदरच्या, म्हणजे पहिल्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या, ताटावर बसायचं. पूर्वसंध्येचा दिवसच शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) निघाला की जाळणं बंद, भांडी घासणं बंद, स्वयंपाक बंद, रात्रीच्या ताटांची मांडामांडसुद्धा बंद. म्हणून शोध गुरुवारी रात्री आणि जाळणं शुक्रवारी सकाळी. पण शब्बाथची जेवणं पावावाचून होत नाहीत आणि मात्झा, म्हणजे सणातली बेखमीर भाकरी, त्या दिवशी चालत नाही. म्हणजे शुक्रवारी दुपारी सगळं घर वल्हांडणाचं झालेलं, आणि तरी शनिवारी सकाळपर्यंत त्याच घरात पाव खायचा. असा योग त्याआधी २०२१ साली आला होता. पुढचा थेट २०४५ साली.

या लेखातलं घर माझ्या मावशीचं. खरं तर आता माझ्या मावसभावाचं आणि वहिनीचं, आणि प्रकरणाचा निम्मा गुंता याच ‘खरं तर’मध्ये आहे.

घर आणि माणसं

दिमोना हे इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटातलं, १९५५ साली वसवलेलं गाव. कोकणातून आलेली बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, कुटुंबं इथे इतकी आहेत की बाजारात मराठी कानावर पडली तरी कोणी वळून बघत नाही. मावशीचा जन्म अलिबागच्या इस्रायल आळीतला. १९६३ साली आईवडिलांबरोबर आली, तेव्हा सोळा वर्षांची होती. भाऊ कारखान्यात पाळीवर जातो. वहिनी परिचारिका, तिचे आईवडील मोरोक्कोतल्या मेक्नेस शहरातून आलेले. मुलं तीन: पंधरा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांचा एक शेंडेफळ, जो कुठल्याही खोलीत बिस्किटाशिवाय जात नाही. तीन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि एक बऱ्यापैकी मोठी बाल्कनी. घरात बोलणं हिब्रूतून. मावशी माझ्याशी आणि स्वतःशी मराठीत बोलते.

२०२४ सालची सफाई या घराने कशीबशी पार पाडली होती. झोपण्याच्या खोल्यांपासून सुरुवात केली. पडदे धुतले, खिडक्यांच्या जाळ्या काढल्या, हिवाळी कपड्यांची कपाटं रिकामी केली. मावशी स्टुलावर चढून माळे पुसत होती, ते बघून भाऊ ओरडला. स्वयंपाकघरापर्यंत पोचेस्तोवर दिवस उरले फार थोडे आणि अंगात त्राणही नव्हतं. सेदरच्या रात्री वहिनी तिसऱ्या पेल्यालाच खुर्चीत झोपली. नंतर कितीतरी दिवस सासूसुनेत कामापुरतंच बोलणं होतं.

२०२५ साली पुरीमचा सण आटोपला (तो १४ मार्चला होता) आणि वहिनीचा मला अश्दोदला फोन आला. म्हणाली, “तू ये आणि आईंशी मराठीत बोल. माझं सगळं त्यांना हिब्रूत कडू लागतं.”

दोन कामं एकाच बादलीत

मला पहिल्याच दिवशी जे दिसलं ते असं: या घरात दोन वेगळी कामं एकत्र चालली होती आणि कोणतं कशासाठी हे कोणालाच वेगळं सांगता येत नव्हतं. एक काम खमीर काढण्याचं. त्याचे नियम काटेकोर आहेत. गहू, जव, राय, ओट आणि गव्हाच्याच जातीतला स्पेल्ट, या पाच धान्यांच्या पिठाला पाणी लागून अठरा मिनिटं ते तसंच राहिलं, की ते खमीर. ते सण संपेपर्यंत खायचं नाही, जवळ बाळगायचं नाही. पण त्यालाही मर्यादा आहेत. सोफ्याच्या फटीत अडकलेला, धुळीने माखलेला, कुत्रंही तोंड लावणार नाही असा कण धर्माच्या लेखी खमीर उरतच नाही. पडद्यांना तर त्यात काही स्थानच नाही.

दुसरं काम वर्षाच्या झाडलोटीचं. ते कोकणातून आलंय. मावशीच्या लहानपणी वल्हांडणाआधी घराला चुना लागायचा, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई व्हायची, मातीची भांडी नवी यायची. यातल्या शेवटच्याला शास्त्राचा आधार आहे, कारण मातीच्या भांड्यात मुरलेलं खमीर उकळूनही सुटत नाही असं मानतात. चुना ही मात्र रीत. जुन्या बेने इस्रायलांत या सणाचं नावच आंबट कालवणाचं मडकं झाकून ठेवण्यावरून पडलं होतं. म्हणजे हिब्रू पोथ्यांचा अभ्यास कोकणात पोचायच्या आधीपासून बायकांना एवढं पक्कं ठाऊक होतं की आंबवलेलं या दिवसांत उघडायचं नाही. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हागादाच्या (सेदरला वाचायच्या पोथीच्या) चित्रांत साडी नेसलेल्या बायका मात्झा करताना दिसतात. मावशी वाढली ती अशा बायकांच्या हाताखाली, त्यामुळे चुना आणि खमीर यांची फारकत करायला ती सहजासहजी तयार होणार नव्हती.

वहिनीची दिशा उलट. रब्बी (यहुदी धर्मगुरू) श्लोमो अविनेर यांचं म्हणणं तिने फोनवर जपून ठेवलं होतं: धूळ म्हणजे खमीर नव्हे, आणि नेमकं जे करायला हवं तेवढंच केलं तर पेसाखची सफाई एका दिवसात उरकते. हे तिने मावशीला वाचून दाखवलं. शहाणपण नव्हतं ते. मावशी म्हणाली, “रब्बीच्या घरी पुसतं कोण?” प्रश्न अगदीच गैर नव्हता.

मी दोघींसमोर दोन कागद ठेवले. एकावर खमिराची कामं, दुसऱ्यावर झाडलोट. पहिला कागद पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यातलं फक्त एक काम सणाआधी करायचं, आणि ते मावशीने निवडायचं. तिने शेगडीमागची भिंत निवडली. तेलाने पिवळी झालेली ती एक भिंत भावाने एका सुट्टीत रंगवली. पडदे, जाळ्या, माळे सणानंतरवर गेले. शास्त्रात त्या भिंतीला जागा नाही, पण ती रंगवली नसती तर बाकीचं काही पुढे सरकलं नसतं, असं माझं मत आहे.

पाव कुठे कुठे जातो

खोल्यांच्या क्रमाने काम करण्याऐवजी आम्ही घरात पाव कुठून येतो, कुठे खाल्ला जातो आणि कुठे राहून जातो, याचा माग काढला. हे काम मुलांना दिलं. मोठ्यांना आपल्या सवयी दिसत नाहीत. मुलं मात्र बिनदिक्कत सांगतात की बाबा गाडीत बुरेका खातो आणि आजी उशाशी खारी ठेवते.

आईबापांच्या खोलीत कोणी कधी खातच नव्हतं. आदल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला होता. शेंडेफळाची खेळणी, दप्तरं, हॉलचा सोफा, गाडी, प्रार्थनेची पुस्तकं (जेवणानंतर टेबलावरच उघडतात, पानांत कण राहतात) आणि मावशीचं उसं, एवढीच खरी ठिकाणं निघाली. जी जागा साफ होईल तिथे त्या क्षणापासून खाणं बंद. दर आठवड्याला पावाची हद्द आखडत जाईल आणि शेवटी तो बाल्कनीत जाऊन थांबेल, असा बेत होता. मार्चअखेरीपासून घरात पीठ, रवा, पास्ता नवीन आणायचा नाही, आहे ते संपवायचं. पुरीमला शेजारपाजारून आलेली मिठाईची ताटं हे या घरातलं सगळ्यात मोठं खमीर होतं. ती दहा वर्षांच्या मुलाच्या ताब्यात दिली. आठवड्यात फस्त.

मसाल्याची फळी

खरा वेळ गेला इथे.

वहिनीला देवनागरी वाचता येत नाही. मावशीला वाचता येते, पण पाकिटावरची बारीक अक्षरं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही दिसत नाहीत. त्यामुळे ठाणे-मुंबईहून पाहुण्यांच्या बॅगांतून आलेली ती फळी कित्येक वर्षं दोघींच्या मधोमध न वाचलेली राहिली होती. आदल्या वर्षी वहिनीने वैतागून सगळीच फळी टेप लावून बंद केली होती, आणि मावशीने सणभर बेचव जेवण जेवून त्याचा निषेध नोंदवला होता.

मी आणि भाची एक एक डबा उतरवून बसलो. शेवया, रवा, माल्टची पावडर, बिस्किटं यांबद्दल वाद नव्हता. थालीपिठाच्या भाजणीत गहू होता. मेतकूट मावशीला कडधान्याचं वाटत होतं, पण त्यातही डाळ-तांदळाबरोबर गहू भाजून घालतात हे तिनेच आठवून सांगितलं आणि स्वतःच गप्प झाली. मग हिंग. आपण रोज वापरतो तो बांधानी हिंग निव्वळ हिंग नसतो. त्यात डिंक आणि पीठ असतं, पुष्कळदा गव्हाचं. या डबीवर तसं स्पष्ट छापलेलं होतं.

मावशी म्हणाली, “हिंगात कसलं आलंय खमीर? अलिबागला आई वल्हांडणाच्या आमटीत हिंग घालायचीच की.”

“कुठला हिंग, मावशी?”

“खडा. अडकित्त्याने फोडायची.”

म्हणजे तिची आठवण बरोबर होती आणि डबीही बरोबर होती. खडा वेगळा, डबीतली भुकटी वेगळी. या वेळची आमटी बिनहिंगाची झाली.

राहिले गोडा मसाला, हळद, तिखट, जिरं, धणे, मेथी. त्यांत मुळात खमीर नाही. पण उघड्या डब्यांत कणकेच्या हाताचा चमचा वर्षभर गेलेला असतो, आणि जिरं-मेथीत गव्हाचा एखादा दाणा सापडतो. त्यामुळे जुने डबे बंद कपाटात गेले. अख्खे मसाले नवे आणून, पांढऱ्या कापडावर निवडून, मावशीने भाजले आणि नव्या भांड्याच्या मिक्सरमध्ये दळले. त्या दिवशी घरभर जो वास सुटला त्याने माझ्या कुठल्याही कागदापेक्षा जास्त काम केलं. वहिनी कामावरून आली ती थेट शेगडीपाशी येऊन उभी राहिली.

तांदूळ

बेने इस्रायल वल्हांडणात भात खातात. मोरोक्कोच्या बऱ्याच घराण्यांत खात नाहीत, वहिनीच्या माहेरीही नाही. इतकी वर्षं ही गोष्ट कोणी बोलून मिटवली नव्हती. मावशी आपल्या खोलीत विजेच्या छोट्या शेगडीवर चोरून भात करायची आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

वहिनी म्हणाली, रब्बींना विचारू. मावशीचा चेहरा बदलला. याचं कारण तांदळापेक्षा जुनं आहे. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बी कार्यालयाने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासावी अशी सूचना काढली होती. आपण पुरते यहुदी आहोत हे मान्य करून घेण्यासाठी लोकांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं. १९६४ साली सरकारने ते मान्य केलं. मावशीचे वडील त्या धरण्यात होते. ‘रब्बीला विचारू’ हे वहिनीच्या तोंडी साधं वाक्य आहे. मावशीला त्यात चौकशी ऐकू येते.

मी विचारलं, पण प्रश्न बदलून. भात चालतो का, असं न विचारता, ज्या घरात एकजण भात खाते आणि एकजण खात नाही, तिथे भांड्यांचं काय करायचं, असं विचारलं. उत्तर सरळ आलं: तांदूळ खमीर नाही, न खाणं ही त्या घराण्याची रीत आहे, भाताने भांडं बाटत नाही. दोघींच्या रिती जागच्या जागी राहिल्या. तांदूळ सणाआधी तीन वेळा निवडायचा, ही रीत मात्र मावशीकडे पूर्वीपासून होती. सूप तिचं आणि डोळे भाचीचे. दुसऱ्या खेपेला गव्हाचा एक दाणा खरंच निघाला, आणि तो तिने आईला नेऊन दाखवला.

भांडी

भांड्यांचं तत्त्व एका ओळीचं आहे: भांड्याने खमीर जसं आत घेतलं, तसंच ते बाहेर काढायचं. उकळत्या रश्शाने घेतलं असेल तर उकळत्या पाण्याने, सुक्या आचेवर घेतलं असेल तर आचेने. म्हणून पोळीचा तवा लालबुंद तापवावा लागतो. आमच्याने ते होण्यासारखं नव्हतं. तवा, पोळपाट, लाटणं, परात, पिठाची चाळण हे सगळं धुऊन जुन्या चादरीत बांधून कपाटात. कुकरची रबरी रिंग नवी आणली. ओव्हन घासून, एक दिवस न वापरता ठेवून, मग तासभर सगळ्यात मोठ्या आचेवर. स्टीलची पातेली मंगळवारी ८ तारखेला चौकात नेली. सणाआधी गावोगावी धार्मिक मंडळं उकळत्या पाण्याची मोठाली पिंपं लावतात, लोक रांगेत उभं राहून भांडी बुडवून घेतात. त्याआधी चोवीस तास भांडं वापरलेलं चालत नाही, म्हणून सोमवारपासून घरात एका कढईवर स्वयंपाक आणि कागदी ताटल्या. हा दिवस कोणाचाच आवडता नव्हता.

मावशीचं तांब्याचं पातेलं या सगळ्यातून सुटलं. ते अलिबागहून आलेलं आणि वल्हांडणापलीकडे कधी वापरलेलंच नाही. कल्हई पुरती गेली आहे आणि दिमोनात कल्हईवाला कुठून आणणार? त्यात आता फक्त काळ्या मनुकांचं सरबत करण्यापुरतं पाणी तापतं, तेही मी नको म्हणत असताना.

जे संपलं नाही आणि टाकवत नाही ते खमीर विकायचं. स्थानिक रब्बीला अधिकारपत्र द्यायचं, तो ते यहुदी नसलेल्या माणसाला रीतसर विकतो, आणि सण संपला की परत घेतो. सरकारच्या मालकीचं खमीरही मुख्य रब्बी याच पद्धतीने एका अरब गृहस्थाला विकतात. आमचं विकलेलं सगळं एकाच कपाटात ठेवलं. वहिनीने बजावलं की बारीक मैद्याची बंद पिशवी सगळ्यात पुढे हवी. कारण विचारलं तर म्हणाली, मिमूना. म्हणजे वल्हांडण संपतो त्या रात्रीचा मोरोक्कोच्या यहुद्यांचा उत्सव.

शेवटचे तीन दिवस

गुरुवारी रात्री शोध. पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून लपवायचा मान दहा वर्षांच्या मुलाचा; मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा भावाकडे. लपवण्याच्या जागा मुलाने आधी लिहून भाचीकडे दिल्या होत्या, कारण आदल्या वर्षी एक तुकडा शेवटपर्यंत मिळालाच नव्हता. शोध झटक्यात आटोपला. शुक्रवारी सकाळी अकराच्या आत इमारतीशेजारच्या मोकळ्या जागेत ते जाळलं.

शुक्रवारची दुपार गच्च भरलेली होती. शनिवारी सेदरसाठी काहीच करता येणार नव्हतं, म्हणून मिठाचं पाणी, खजुराचं हारोसेत, निवडलेली कडू पालेभाजी, भाजलेलं हाड, अंडं, मनुकांचं सरबत, सगळं सूर्यास्ताआधी झाकून तयार. शनिवारी रात्री नवी काडी ओढता येत नाही, म्हणून दीड दिवस टिकणारा एक दिवाही लावून ठेवला.

शब्बाथचं जेवण वल्हांडणाच्या भांड्यांत शिजवलं होतं. पाव मात्र बाल्कनीतच: मोजके छोटे पिटा, कागदी मेजपोस, आधी तिथे उभ्याने पाव खायचा, हात-तोंड धुवायचं, कपडे झटकायचे, मग आत येऊन बाकीचं जेवायचं. शनिवारी सकाळी लवकरची प्रार्थना करून दहाच्या सुमाराला शेवटचा घास संपला. उरलेले कण संडासात सोडले. भावाने ‘दिसलेलं आणि न दिसलेलं सगळं खमीर धुळीसमान आहे’ हे अरामी वचन म्हटलं आणि बाल्कनीचं दार लावलं.

ते वचन रविवारी उपयोगी पडलं. सणाच्या पहिल्या दिवशी दुपारी भावाच्या कामावरच्या बॅगेतून टोस्टचा अर्धा पुडा निघाला. गाडी त्याने चकाचक केली होती. बॅग मात्र गुरुवारपर्यंत पाळीवर जात-येत होती आणि कोणाच्याच यादीत नव्हती. सणाच्या दिवशी असं सापडलं तर हलवायचं नाही, त्यावर भांडं पालथं घालायचं. पुडा रात्रीपर्यंत प्लास्टिकच्या घमेल्याखाली होता. शेंडेफळ दर थोड्या वेळाने तिकडे जाऊन घमेल्यावर टकटक करून यायचं. दिवस संपल्यावर तो जाळला.

नंतर

सेदरला वहिनी शेवटपर्यंत जागी होती. कामाचे एकूण तास आदल्या वर्षीपेक्षा कमी झाले असं ती म्हणते. मावशीचं म्हणणं, तेवढेच झाले, पण ते स्वयंपाकघरात झाले. मला मावशीचं पटतं.

१९ एप्रिलला, शनिवारी रात्री, सण संपला. खमीर परत विकत घेतल्याची वेळ होईपर्यंत वहिनी कपाटासमोर घड्याळ बघत उभी होती. मग टेप ओढला, मैदा काढला आणि मोरोक्कोच्या रितीने मुफलेता लाटायला घेतल्या: पातळ, तेलाच्या हाताने ताणलेल्या, मध-लोण्याबरोबर खायच्या. पोळपाट-लाटणं चादरीतून मावशीने काढून दिलं आणि शेजारी बसून, ‘कणीक अजून सैल हवी,’ असं सुरू केलं.

२०२६ साली पूर्वसंध्या १ एप्रिलला, बुधवारी आहे, त्यामुळे बाल्कनीचा खटाटोप नाही. भाचीने यादीत भर घातली आहे: बाबांची बॅग, आणि ठाण्याहून येणाऱ्या पाहुण्यांकडून खडा हिंग मागवणे. मावशीला आता हॉलची भिंतही सणाआधी रंगवून हवी आहे. वहिनी म्हणते, सुक्कोथनंतर (हा शरदातला सण) बघू. भावाने दोघींनाही हो म्हटलं आहे.